समोरची भिंत

बाबा : अगं, बॅग तरी खाली ठेव. कशी वाटली खोली? तुझा गुलाबी! शाळेत होतीस तेव्हाचाच, अगदी तस्साच शोधून आणलाय.

मुलगी : छान आहे.

बाबा : मावशीनं विणलेल्या स्वेटरला तू असंच ‘छान आहे’ म्हणायचीस.

मुलगी : बाबा, मी चौतीस वर्षांची आहे. संसार मोडून आलेय, सहामाही देऊन नाही.

रंगारी : साहेब, मी जरा चहा पिऊन येतो.

बाबा : थांबा हो. दुसरा हात मारायचा राहिलाय ना?

रंगारी : दुसरा कुठला? तुम्हीच म्हणालात ना, साधा रंग, एकच हात पुरे. लेक पंधरा दिवसांसाठीच येतेय.

मुलगी : पंधरा दिवस?

बाबा : बोललात! राहवलं नाही ना?

रंगारी : मला वाटलं, ताईंना माहीत असेल.

बाबा : अगं, तसं नव्हे. म्हटलं, जावईबापूंचा राग निवळेल, न्यायला येतील...

मुलगी : तो रागावलेलाच नाही. स्टँडवर सोडायला आला, बॅग उतरवून दिली आणि घराची किल्ली मागून घेतली.

बाबा : किल्ली? मागून घेतली?

मुलगी : हसत.

बाबा : मग फोनवर का नाही बोललीस?

मुलगी : तुम्ही रंगाचं इतकं खुशीत सांगत होतात. जीभच रेटेना.

रंगारी : ताई, खिडकीसमोरची भिंत अजून कोरी आहे. कुठला रंग हवा?

मुलगी : कुठलाही चालेल.

रंगारी : तो सोडून सांगा. असं बघा, मी तीन पट्टे ओढतो. माझं नेहमीचंच आहे. तुम्ही पाठ करून उभ्या राहा, मी हाक मारली की वळा. पहिली नजर जाईल तो तुमचा. विचार करायचा नाही.

मुलगी : काहीतरीच!

रंगारी : वळा तर. हं, आता!

मुलगी : हिरवा. तो गडद.

बाबा : हा? खोली अंधारेल गं.

रंगारी : एकाच भिंतीला लावू. सकाळचं ऊन थेट तिच्यावर येतं. बाकीच्या तिन्ही फिक्या करू.

मुलगी : तिकडे सगळं राखाडी होतं बाबा. पडदे, सोफा, पायपुसणंसुद्धा. एकदा केशरी उशी आणली, दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर. पण तुम्हाला आवडत नसेल तर राहू दे.

बाबा : नाहीच आवडला. पण मला कुठे इथे झोपायचंय?

मुलगी : बाबा, मी परत जाणार नाहीये.

बाबा : (रंगाऱ्याकडे वळून) अहो, त्या ब्रशला जरा विश्रांती द्या आणि मला हात लावा. ही पाहुण्यांची घडीची खाट बाहेर काढू. इथे नीट पलंग लागेल.