गुपचूपकडे बघायचं नाही

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाने स्वतःच्या घरात बघायचं तरी कुठे? भिंतीकडे? भिंतीकडे किती वेळ बघणार? पंख्याकडे बघावं तर मान आखडते, खाली बघावं तर पलंग, आणि पलंगाखाली ती! आणि तिकडे तर बघायचं नाही! बायको म्हणते बघायचं नाही, सासूबाई म्हणतात बघायचं नाही, मांजरांचे डॉक्टर म्हणतात बघायचं नाही... आणि हे सगळे सांगतायत कोणाला? मला! अहो, माझा पोटापाण्याचा धंदाच बघण्याचा आहे!

म्हणजे कसं, एक मोठं दुकान आहे, तीन मजली, त्याच्या मागच्या खोलीत मी बसतो. समोर भिंतभर पडदे आणि पडद्यांवर गिऱ्हाइकं. कोणी बाहीत साबण सरकवला, कोणी डोक्यावरच्या टोपीवर दुकानातली टोपी चढवली आणि जसं काही घरून तशीच आली, असा चेहरा करून निघाला, की मी वॉकीटॉकीवर ओरडायचं, “घेतलं!” की दारावरचा माणूस आडवा. इतकी वर्षं हेच. दुकानात मला सगळे ‘दुर्बीण’ म्हणतात, समोर म्हणतात. आणि या दुर्बिणीला घरी आल्यावर काय ऐकायला मिळतं? बघायचं नाही!

आता हे मांजर आणलं कोणी? हिने. मी नाही म्हणत नव्हतो हं, माझीही हौस होतीच. प्राण्यांच्या संस्थेत गेलो, तिथे एकापेक्षा एक मांजरं. एक अंगावर चढतंय, एक बुटाची नाडी सोडतंय, एक तर हिच्या पिशवीत जाऊन बसलं, म्हणजे निवडायचं कामच उरलं नाही! आणि ही उभी कुठे? कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी. आत एक करडं मांजर, आमच्याकडे पाठ करून बसलेलं. तोंड म्हणून दाखवलं नाही. ही म्हणाली, “हीच.” म्हटलं, अगं निदान पुढून तरी बघ! तर संस्थेतल्या बाई म्हणाल्या, “फार लाजरी आहे हो. दोन घरांतून परत आलीय. लोक म्हणतात, मांजर आणलं पण दिसतच नाही.” झालं! हिचे डोळे भरले. आणि खरं सांगायचं तर माझेही. परत आली म्हणजे काय हो? वस्तू आहे का ती, मापात बसली नाही म्हणून परत करायला?

घरी आणली. खोका उघडला. एक करडी रेघ जमिनीवरून गेली आणि पलंगाखाली नाहीशी झाली. बस. तेवढंच दर्शन. सासूबाई म्हणाल्या, “आवाज नाही, तोंड दाखवणं नाही... गुपचूपच आहे ही.” तेच नाव पडलं.

मग काय, आम्ही तिघं पलंगाभोवती पालथे! ही म्हणते, “गुपचूप, ये गं बाळा.” सासूबाई म्हणतात, “काठीने जरा पुढे सरकवू का?” मी आपला टॉर्च घेऊन. मला दिसायचं काय, तर दोन हिरवे दिवे. पुन्हा टॉर्च मारावा तर ते दिवे आणखी मागे. खाणं ठेवलं, शिवली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन लावला. आता हे डॉक्टर इतकं हळू बोलतात की आपल्यालाच झोप यावी. “तिच्याकडे... लक्ष... देऊ नका. बघू नका. ती... आहे... हे विसरून जा.”

विसरून जा! अहो, आमच्या घरात दुर्लक्ष करायचं म्हटलं तरी ते मन लावून करतात! सासूबाई पलंगासमोर खुर्ची टाकून बसल्या, दुर्लक्ष करायला. मोठ्याने म्हणतात काय, “मी काही कोणाकडे बघत नाही हो! मी आपली विणतेय!” ही घरभर चवड्यांवर चालते आणि दर पाच मिनिटांनी दारात येऊन मला खुणेने विचारते, “आली?” मी खुणेने सांगतो, “बघायचं नाही!” शेवटी तिघंही एकाच खोलीत, तिघांचीही पाठ पलंगाकडे, आणि तिघांचेही कान मागे. ती बिचारी आतून बघत असेल, ही कसली माणसं, भिंतीला तोंड करून बसतात!

पण रात्रीत वाटीतलं थोडं संपायला लागलं. म्हणजे आम्ही झोपलो की खात होती. आमच्यासमोर काही केल्या नाही. हिने मग माशाचे तुकडे उकडले, वाटी पलंगापासून हातभर लांब ठेवली आणि मला बजावलं, “तुम्ही पेपर धरा. पेपरात बघा. मान हलवलीत तर याद राखा.” धरला पेपर. आता सांगतो, धंद्यातली सवय, समोर न बघता बघणं हे आमचं खरं कसब. डोळे पेपरात, नजर कडेने जमिनीवर. आणि काय सांगू तुम्हाला... नाक आलं. मग मिशा. मग आख्खं डोकं, एवढंसं, एका कानाला खाच पडलेली. पाऊल टाकलं... थांबली... पुन्हा टाकलं... वाटीशी आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, अगदी बाहीत साबण सरकवायच्या आधी लोक बघतात ना, तश्शीच! आणि पंजा हळूच वाटीत घातला, तुकडा उचलला...

“घेतलं!!”

अहो, मी नाही ओरडलो! म्हणजे मीच ओरडलो, पण मी नाही, ती सवय ओरडली! माल उचलला की तोंडातून निघतंच ते! तुकडा उडाला एकीकडे, वाटी एकीकडे, आणि गुपचूप थेट कपाटामागे, तेही भिंतीला लागून असलेल्या कपाटामागे, जिथे आमचा झाडूसुद्धा जात नाही. ही धावत आली. आणि उकिडवी बसून माशाचे तुकडे गोळा करत राहिली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही नोकरीवर जरा जास्त वेळ थांबत जा ना.”

त्यानंतर वाटीला तोंड लावणं बंद. रात्रीसुद्धा. आणि नेमका त्याच वेळी संस्थेतल्या बाईंचा फोन. “रविवारी येऊन जाते. जमत नसेल तर घेऊन जाते हं, वाईट वाटून घेऊ नका. तिच्याच भल्यासाठी.” हिने फोन ठेवला आणि म्हणाली, “तिसरं घर.” एवढंच. मला इतकं लागलं ते... सांगून टाकतो, मला ती हवी होती. बायकोला हवी म्हणून नव्हे, मला. ती खाच पडलेल्या कानाची, मला हवी होती. आणि माझ्याच तोंडामुळे ती जाणार होती.

रविवार उजाडला. हिने मला खोलीतून हद्दपार केलं, “बाहेरच्या कोचावर पडा. काही करू नका. काहीही.” पडलो. म्हटलं, आता आपल्या हातात काय आहे? बघितलं तर पळते, ओरडलो तर पळते. मनातल्या मनात म्हटलं, जा बाई, तुला जे बरं वाटेल ते कर. आणि आठवडाभराची झोप साचलेली, डोळा लागला. घोरत होतो म्हणे. सासूबाई म्हणतात, घरातली भांडी हलत होती.

जाग आली ती पोटावर काहीतरी जड लागलं म्हणून. ऊबदार. आणि ते... ते घुरघुरत होतं. मी डोळे उघडणार, इतक्यात हिचा आवाज आला, अगदी श्वासात, “उघडू नका! बघायचं नाही!” सासूबाई दारातून कुजबुजतायत, “अगं बाई, पाय मुडपून बसलीय! हनुवटी टेकलीय त्यांच्या बटणावर!” ही रडतेय की हसतेय कळेना. म्हणते, “डोळे किलकिले केलेयत हो तिने, किती गोड दिसतेय!” आणि मी? मी आपला मिटल्या डोळ्यांनी छताकडे तोंड करून!

आणि दाराची घंटा वाजली, बाई आल्या. पोटावरचं वजन थरथरलं. नखं शर्टातून आत रुतली. म्हटलं, गेली आता... पण नाही गेली. तशीच रुतून राहिली. बाई आत आल्या, एकदम थबकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आहे की हो इथे! रमलीय ना?”

मी म्हटलं, “बाई, वजनावरून वाटतंय, आहे. घरातले दोघं तिघं साक्षीला आहेत. मी स्वतः काही अजून पाहिलेलं नाही.”