बाबांना एकट्याचा खेळ हवाय

हॅलो?… हं, बोल चिमणे… दुकानातच आहे, आणखी कुठे असणार! परत आलेल्या एका खेळाच्या सोंगट्या मोजतेय. दोन निळ्या कमी भरतायत… तुझा आवाज असा का येतोय?… स्वयंपाकघरात, दार लावून?… बाबा बाहेर बसलेत म्हणून?

काय झालं? परत पडले का?… नाही ना? मग सावकाश सांग.

बरं… बरं… काय म्हणाले? 'ताईला सांग, एकट्यानं खेळायचा एखादा खेळ पाठव'… एवढंच?

अगं मग त्यात दार लावण्यासारखं… हं… अरे देवा. तुला वाटतंय ते तुझ्याकडून परत आपल्या घरी जायला निघाले.

नाही, नाही, कळतंय मला. एकट्याचा खेळ म्हणजे एकट्याचं घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाथरूममध्ये पडले तेव्हा शेजारणीला कळेपर्यंत दुपार झाली होती… हो गं, मी विसरले नाहीये. त्या दिवसापासून तुझा फोन आला की मी आधी तेच विचारते. आत्तासुद्धा विचारलं.

पण बॅग भरलीय का त्यांनी?… नाही? कपडे कपाटातच आहेत?… मग? अगं ऐक ना… ऐक तर! दोन महिन्यांपूर्वी तुझ्या नवऱ्याशी पत्त्यांवरून वाजलं, तेव्हा बॅग घेऊन दारात उभे होते की नाही? चाळीस वर्षं अग्निशमन केंद्रात हुकूम सोडलेत त्या माणसानं. जायचं असेल तर अख्ख्या इमारतीला ऐकवून जातील, खेळाचं निमित्त कशाला करतील?

आणि तुझा नवरा तरी काय! दातांचा डॉक्टर. समोरच्यानं नुसता आ करायचा, बोलायचं ते यानं. हे दोघं समोरासमोर पत्ते खेळणार आणि त्यातला एक हरणार… हो ना! म्हणून तर तो दीपस्तंभाचा खेळ पाठवला मी. दोघं एकाच बाजूला आणि समोर वादळ. जहाजं बंदरात आली तर दोघं जिंकले, बुडाली तर दोघं बुडाले.

हो, पहिल्या दिवसाचं सांगितलं होतंस… बंदर अर्धं अर्धं वाटून घेतलं! 'तुमची जहाजं तुम्ही बघा, माझी मी बघतो.' एकत्र खेळायच्या खेळात मध्ये कुंपण घालणारी आपलीच माणसं! मी कपाळाला हात लावला होता… पण नंतर जमलं ना? रोज संध्याकाळी बसत होते, तिसरा टप्पा पार केला, तूच सांगितलंस. मग आता काय बिनसलं?

एक मिनिट हं… हो काका, तो वरच्या फळीवरचा? चौघांसाठी आहे, पण दोघांतही छान होतो. बघा ना उघडून… हं, बोल चिमणे.

कोणी अबोला धरलाय?… तुझ्या नवऱ्यानं? बाबांनी नाही?… थांब, थांब. काल दुपारी बाबांनी पेटी उघडली… एकट्यानंच… दोघांच्या वाटची पानं स्वतःच खेळले… आणि चौथ्या टप्प्याचं पाकीट फोडलं? सीलबंद पाकीट? अगं बाई! ते एकदाच फोडायचं असतं, तेही दोघांनी मिळून. आतलं एकदा कळलं की त्यात मजा ती काय राहिली?

आणि हा संध्याकाळी दवाखान्यातून वर येतो, तर टप्पा संपलेला… रागावला?… रुसला! काय म्हणाला? 'माझ्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत'… चिमणे, मला हसू आवरत नाहीये… अगं तुला नाही हसत! पन्नाशीचा माणूस, सासरे आपल्याला सोडून खेळले म्हणून रुसलाय! दोन महिन्यांपूर्वी हेच दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते.

तू हसतेयस की रडतेयस?… दोन्ही. बरं, चालेल.

नाही, पण नक्की काय ते मी कसं सांगू? मला वाटतं दुपारी वेळ जात नाही म्हणून मागतायत. तू मनातल्या मनात नको शिजवत बसूस. त्यांना दे फोन… विचारते ना मी. दे.

हॅलो, बाबा? मी… जेवलात?… कुठे निघालात फोन घेऊन? गॅलरीत? बरं, या.

एकट्यासाठी हवाय ना? कसा हवा?… अहो, प्रकार असतात त्यात. एक आहे, तुकडे जोडत बाग लावायची. अर्ध्या तासात होतो, डोक्याला ताप नाही… ताप हवाय? मग पाणबुडीचा घ्या. कप्तान तुम्हीच. कुठे पाणी शिरतं, कुठे इंजिन बंद पडतं, फासे टाकून एकेक निस्तरायचं. दीड तास लागतो… अक्षर मोठं आहे, चष्मा न लावता वाचता येईल… आग? हो, लागते एका कप्प्यात… वाटलंच मला. तोच पाठवते.

आणि बाबा, ते पाकीट… हो, कळलं मला… चुकलं? तुम्ही म्हणताय हे?… बरं, नाही बोलत पुढे. सांगा… दुपारी हात शिवशिवतात… म्हणून स्वतःपुरता वेगळा खेळ हवा, म्हणजे ती पेटी संध्याकाळपर्यंत मिटलेली राहील… डॉक्टर येईपर्यंत.

बाबा, जीव भांड्यात पडला माझा… काही नाही हो. आम्हा बहिणींच्या डोक्यात आपलं काहीतरी आलं होतं.

आणखी एक टाकते त्यात, दोघांसाठी. पत्त्यांचाच, पण एकत्र खेळायचा आणि खेळताना चकार शब्द काढायचा नाही. अशा खेळांत एकजण सेनापती होतो आणि दुसरा नुसता सोंगट्या हलवतो ना, तर त्यावर औषध आहे ते… मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही!… हो, डॉक्टरांनाही तोच नियम.

उद्या पाठवते. पत्ता कुठला घालू? तुमच्या घरचा की… असंच विचारलं… परत बोला, आवाज तुटतोय… दवाखान्याच्या वर, पहिला मजला… लिहिलं. आणि पुढचेही तिथेच?… म्हणजे? मग तुमचं घर?

भाड्यानं देताय?… कधी ठरलं?… गेल्या आठवड्यात? कोणाशी बोललात?… डॉक्टरांशी. तिसरा टप्पा जिंकलात त्या संध्याकाळी. आणि ते काय म्हणाले?… 'मग माझी अभ्यासिका तुम्ही घ्या'…

बाबा, फार बरं वाटलं मला. खरंच… पण चिमणीला का नाही सांगितलंत?… डॉक्टर सांगतील असं तुम्हाला वाटलं. आणि डॉक्टरांना वाटलं तुम्ही सांगाल! अहो, ती बिचारी सकाळपासून दार लावून… नाही, मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. आत जा आणि आत्ताच्या आत्ता… हॅलो?… बाबा?…

हॅलो?… ठेवला वाटतं.