अपग्रेडचा सत्कार

सत्कार लय वाईट गोष्ट हाय बरं का, माझं ऐका. आमच्या वाचनालयात पुस्तकं शोधायचा सर्व्हर हाय ना, तो मी शनिवारी अपग्रेड केला. सोमवारी बाकीच्या एकाही कॉम्प्युटरवरून तो लागेना. वालूरचे एक गुरुजी पुस्तकासाठी खोळंबलेले. "बाबा, माझी एसटी जायलीय!"

बघतो तर नव्या सर्व्हरनं बाहेरच्यांना दारच लावून घेतलेलं. सेटिंग बदलून ते उघडलं, तर आता पासवर्ड मागायलाय. अन् तो अपग्रेड संपताना स्क्रीनवर एकदाच दिसतो.

"मग लिहून का न्हाई घेतलास?" ग्रंथपाल साहेब तडकले.

"साहेब, तेवढ्यात तुमीच मला शाल पांघरवून हातात नारळ दिला! फोटो झाला अन् तुमीच कॉम्प्युटर बंद केला."

फोटो म्हणताच साहेबांनी मोबाइल काढला. मोठा करून बघितलं, तर माझ्या खांद्यामागं स्क्रीन अन् त्यावर अख्खा पासवर्ड! टाकला, सर्व्हर सुरू. गुरुजींना पुस्तक मिळालं, एसटीही मिळाली.

साहेब खुशीत ओरडले, "आणा रे शाल!"

"थांबा साहेब, आधी पासवर्ड बदलू द्या. तो फोटो तुमी तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलाय."