मार्लीनच्या अक्षरातली कार्डे

नाव : वॉरन बेट्झ. वय : ५७ वर्षे. शिक्षण : वाणिज्य पदवीधर. धंदा : हिशेबतपासनीस. राहणार : एल्डर स्ट्रीट, मिलर्सफर्ड, ओहायो.

मी वरील इसम पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, सार्जंट डोना प्रुइट यांनी विचारल्यावरून सांगतो की, माझा थोरला भाऊ रसेल बेट्झ याने माझ्याविरुद्ध मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार दिली आहे. तक्रारीत लिहिलेले बहुतांशी घडले आहे. मात्र घडले ते तेवढेच नाही.

सदर मालमत्ता म्हणजे १९७४ सालच्या बेसबॉल कार्डांचा संच. त्या काळी ही कार्डे च्युइंगगमच्या पाकिटातून मिळत. पुढे खेळाडूचे छायाचित्र व संघाचे नाव, मागे त्याची आकडेवारी. रसेल व मी तो संच लहानपणी मिळून जमवला. थोडी कार्डे मिळावयाची राहून गेली. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की कार्डावरील संघाचे नाव खोडून नवे लिहावयाचे, अशी आमच्याकडील मुलांची रीत होती. आम्हा दोघांचे अक्षर वाईट असल्याने ते काम आमची मोठी बहीण मार्लीन करी. ती पट्टी लावून निळ्या बॉलपेनने क्लीव्हलँड खोडी आणि खाली डेट्रॉइट लिही. रसेल तिला म्हणे, "जरा हळू दाब गं, तो बिचारा पलीकडून बाहेर पडेल."

मार्लीन १९७६ साली, चौदाव्या वर्षी वारली. तिचे कपडे व वह्या आईने त्याच उन्हाळ्यात चर्चच्या विक्रीला देऊन टाकल्या. तिच्या हस्ताक्षराचा त्या कार्डांखेरीज अन्य नमुना माझ्या माहितीत नाही.

दोन वर्षांपूर्वी, वडिलांच्या पश्चात घर रिकामे करताना कार्डांचे खोके माळ्यावर मिळाले. रसेल निवृत्त आहे व कार्डांच्या मेळाव्यांना जातो. राहिलेली कार्डे त्याने शोधावीत व संच दोघांचा राहावा, असे ठरले. असलेल्या कार्डांना हात लावू नये अशी अट घातली होती काय, असे विचारता सांगतो की, नाही. ती घालावी लागेल असे मला वाटले नाही.

गेल्या रविवारी रसेलने मला दुपारी जेवावयास बोलावले. जेवण झाल्यावर त्याने अल्बम माझ्यासमोर ठेवला.

"घे, पुरा झाला एकदाचा. आता तपास. जन्मभर तेच करत आलायस."

मी पाने उलटली. एकूण एक कार्डाचे कोपरे टोकदार होते. कोठेही शाई नव्हती. मी विचारले, "आपली कार्डं कुठायत?"

"हीच की."

"ही नव्हेत."

"अरे, ती काय ठेवायची होती? कोपरे झिजलेली, पेनाने गिरबटलेली. चांगलं कार्ड मिळालं की जुनं काढायचं. संच असाच सुधारतात, सगळेच करतात. मी तुला सोनं आणून दिलंय, आणि तू तोंड असं केलंयस जसं काही तुझी गाडी ठोकली मी."

"जुनी कुणाला दिलीस?"

"मेळाव्यात खोक्याने गेली. पेनसिल्व्हेनियाचा कुणीतरी होता. टोपी घातलेला. तिथे सगळेच टोपी घालतात."

त्यानंतर मी खिशातील बॉलपेन काढले. मार्लीनने कोणकोणत्या कार्डांवर लिहिले होते ते मला पाठ आहे. ती कार्डे कप्प्यांतून बाहेर काढून मी जुना संघ खोडून नवा लिहू लागलो. तक्रारीत 'रागाच्या भरात' असे शब्द आहेत, ते बरोबर नाहीत. मी सावकाश लिहीत होतो. पट्टी नसल्याने जेवणाच्या टेबलावरील सुरीच्या पाठीने रेघ मारली. अक्षर माझेच आले.

रसेलने माझे मनगट धरले. त्यात खुर्ची पडली. कोणी कोणास मारले नाही. त्याची पत्नी दुसऱ्या खोलीतून पोलिसांना फोन करीत होती, ते ऐकू येत होते.

सार्जंट प्रुइट यांनी विचारले, "पण साहेब, ते अक्षर बहिणीचं होतं हे भावाच्या लक्षात तरी होतं का? बोललात त्यांना?" त्यावर सांगतो की, मनगट धरलेले असतानाच मी त्याला म्हणालो, "मार्लीनने लिहिलेली होती ती. विसरलास?"

रसेल म्हणाला, "विसरलो असतो तर राहिली असती. सगळ्यात आधी तीच काढली मी. पान उलटलं की ती समोर. रोज संध्याकाळी एकट्याने बसून बघायचं, तेही मीच. तू दोन वर्षांत किती वेळा आलास रे बघायला?"

त्याने हात सोडला. पोलीस येईपर्यंत आम्ही त्याच टेबलाशी बसून होतो.

रसेलचे वरील बोलणे मी त्याच्या बाजूने सांगितलेले नाही. तो बोलला, म्हणून सांगितले. खराब झालेल्या कार्डांची भरपाई देण्यास मी तयार आहे. भरपाई दिल्यावर ती कार्डे ताब्यात हवीत काय, असे विचारता सांगतो की, नको. मला त्यांचा उपयोग नाही.

हा जबाब सार्जंट प्रुइट यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मार्लीनच्या नावाआधी 'मयत' हा शब्द घालावयाचा राहिला, असे त्यांनी निदर्शनास आणले. तो घालू नये, असे मी सांगितले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : वॉरन बेट्झ