सोडायला आलेली माणसं

ताई : अहो, पण मी काही चोरून नेणार नाहीये. नुसती बसते. ते बघा, काचेतून रिकामं बाक दिसतंय.

रखवालदार : आजी, विमानाचं तिकीट असेल तरच आत. आणि ती गाडी हलवायला सांगा. दारात थांबायची तीन मिनिटं कधीच झाली.

भाऊ : जातेय गाडी. ताई, चल, त्या खांबापाशी उभे राहू.

ताई : उभीच आहे की सकाळपासून. गुडघ्यांनी संप पुकारलाय. आणि तू रे, तोंडात गुळणी धरल्यासारखा का? याला सांग ना, तू प्रवासी संघाचा चिटणीस आहेस म्हणून.

भाऊ : त्याचं हातावर पोट आहे, ताई. नियम त्याने नाही केला.

ताई : चार वर्षांसाठी चालली रे पोर. जवळ घ्यायला गेले तर हा शिट्टी फुंकतोय. त्यात माझ्या पिशवीचा पट्टा तिच्या बॅगेत अडकला. तो सोडवण्यात निम्मा वेळ गेला. तिचं तोंडसुद्धा नीट बघितलं नाही मी.

भाऊ : हं.

ताई : तिच्या दादाला सोडायला आलो तेव्हा आत बसलो होतो आपण, आठवतं? मोठा हॉल, निळ्या खुर्च्या. तासभर बसलो. बोलायचं सगळं संपलं, तेव्हा तोच म्हणाला, आई, आता जा. कुठं गेला तो हॉल?

भाऊ : बंद झाला. तिथं दुकानं आहेत आता.

ताई : कोणी केला बंद?

भाऊ : मीच म्हण.

ताई : काय?

भाऊ : विमानतळवाल्यांना प्रत्येक तिकिटावरचं शुल्क वाढवायचं होतं. दर ठरवणाऱ्या मंडळापुढे सुनावणी लागली. त्यांचे सहा वकील, विमान कंपन्यांचे चार, आणि प्रवाशांच्या बाजूने मी एकटा, कापडी पिशवीत कागद घेऊन. त्यांच्या खर्चाच्या यादीत हा हॉल दिसला. मी म्हटलं, सोडायला येणारे काही प्रवासी नव्हेत. त्यांच्या बसण्याचा खर्च प्रवाशाने का द्यायचा? अध्यक्षांनी मान डोलावली. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मान डोलावली, ताई.

ताई : म्हणजे पेपरात तुझं नाव आलं होतं ते...

भाऊ : तेच.

ताई : अरे, ते कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय! शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. ती कंटाळली तरी दाखवलं.

भाऊ : माहीत आहे.

ताई : आणि शुल्क किती कमी झालं?

भाऊ : दोन कप चहाचे पैसे वाचले. बाहेरच्या चहाचे, आतल्या नव्हे. पुढच्या वर्षी सरकारने कर वाढवला, तेही गेले.

ताई : तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

भाऊ : बोल, बोल. ऐकायलाच उभा आहे.

ताई : काल का नाही सांगितलंस?

भाऊ : धीर झाला नाही. थकलोय ग मी. नेहमी शेवटची पाच मिनिटं देतात, तोवर निम्मे लोक घड्याळ बघायला लागलेले असतात. सोमवारी परत सुनावणी आहे. जाऊच नये असं वाटतंय. संघाची किल्ली कोणाला तरी देऊन टाकावी.

(ताईचा फोन वाजतो.)

ताई : हं, बोल ग... झाली तपासणी? पाणी पी... नाही नाही, आम्ही बसलोय. चांगली सावलीची जागा मिळाली. मामा आहे ना... गुडघे? अगदी झकास. तू जा. जा आता, बाळ.

भाऊ : खोटं का बोललीस?

ताई : मग आत गेलेल्या पोरीच्या जिवाला घोर लावू?

भाऊ : चुकलो ग मी.

ताई : चुकलासच. सोमवारी मला घेऊन चल तिकडे.

भाऊ : तुला? अग, पाचच मिनिटं मिळतात.

ताई : पुष्कळ झाली. मला इथं तीन मिळाली, त्यातली निम्मी पट्ट्यात गेली.

भाऊ : तुला माझ्याच विरुद्ध बोलावं लागेल.

ताई : त्यात नवीन काय? तू रांगत होतास तेव्हापासून बोलतेय. एवढंच सांग, तिथं बसायला तरी मिळतं ना?

भाऊ : मिळतं, ताई. बसायला मिळतं.