काकूंची ओळख पटवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय ५८ वर्षे, धंदा वकिली, राहणार न्यायालयामागच्या गल्लीत, दुसरा मजला, घरात इतर कोणी नाही, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी एकतीस वर्षं वकिली करतो. आवारात मला 'तारीखवाले' म्हणतात, कारण माझ्या प्रकरणांत निकालापेक्षा तारखा जास्त पडतात. गेल्या सोमवारपासून मी वकिलांसाठीच्या नोटरी प्रशिक्षण वर्गाला जातो. वर्ग सहा दिवसांचा आहे. शिकवणारे गृहस्थ चाळीस वर्षं नोटरी आहेत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात.

या वयात हा वर्ग का लावला, असं विचारल्यावरून सांगतो की, नोटरीकडे दिवसभर माणसं येतात. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. दुसरं काही कारण नाही.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं की, शिक्का कुणालाही मारता येतो, नोटरीचं खरं काम ओळख पटवण्याचं. "कागद नंतर वाचा, आधी माणूस वाचा. आठवून दिलेलं उत्तर आणि घोकून दिलेलं उत्तर, दोन्हींचा आवाज वेगळा असतो. आणि म्हाताऱ्या माणसाबरोबर कुणी आलं असेल, तर त्याला आधी बाहेर बसवा. मग भले तो पोटचा मुलगा असो." हे मी वहीत लिहून घेतलं होतं. वही हजर करतो.

आज चौथा दिवस, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा. मास्तरांच्या कार्यालयात आज माझी पाळी होती. सकाळी अकरा वीसच्या सुमारास एक इसम, वय अंदाजे चाळीस, एका वृद्ध बाईंना हाताला धरून घेऊन आला. बाईंच्या अंगावर नवी शाल होती, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. इसम म्हणाला, "या माझ्या काकू. राहतं घर विकायचे अधिकार मला देतायत. मुखत्यारपत्र तयार आहे, फक्त त्यांची सही आणि तुमचा शिक्का." मास्तर मला म्हणाले, "तुम्ही विचारा, मी बघतो."

ओळखपत्रावरचा फोटो जुना होता. चेहरा जुळतो म्हटलं तर जुळत होता. मी नाव, जन्मतारीख, पत्ता विचारला. बाईंनी सगळं बरोबर सांगितलं, पण भिंतीकडे बघत, पाढे म्हणावे तसं. मी इसमास बाहेर बसायला सांगितलं. तो म्हणाला, "काकूला कमी ऐकू येतं हो, मी सांगतो तिला." मी म्हणालो, "आत्तापर्यंत तर सगळं ऐकू आलं त्यांना." तेव्हा मास्तर उठले आणि गप्पा मारत त्याला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले. दार मी लोटलं.

मग कागदावर नसलेला प्रश्न मी विचारला. "सकाळी तुमच्या घरात ऊन कुठून येतं?"

बाई चटकन म्हणाल्या, "ऊन कुठलं येतंय? आमच्या खोलीला खिडकीच नाही."

मुखत्यारपत्रात चार खोल्या आणि पुढे-मागे गच्ची असं घराचं वर्णन आहे. ते मी वाचून दाखवलं. बाईंनी भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "चुकलं का माझं?"

मी सांगितलं की, या सहीने एका बाईंचं राहतं घर जाईल. त्यावर त्या दचकून म्हणाल्या, "ती बाई आहे अजून? तो तर म्हणाला काकू गेली, नुसता कागद अडकलाय. मेलेल्या माणसाचं काय बिघडणार, म्हटलं." त्यांनी हात मांडीवरून उचलून शालीखाली घेतले.

त्या एका लाँड्रीत इस्त्री करतात आणि तिथेच मागच्या खोलीत राहतात. इसम दोन महिन्यांपूर्वी कपडे टाकायला आला होता. मग नुसताच येऊ लागला. त्यांना 'आई' म्हणू लागला. बाईंचं म्हणणं की, त्याच्या मनात काहीतरी आहे हे त्यांना कळत होतं. "दुधाची तहान ताकावर भागवत होते, बाबा. ताक आंबट आहे हे कळतं की जिभेला."

अकरा पस्तीस ते बारा दहापर्यंत आत काय चाललं होतं, असं विचारल्यावरून सांगतो की, ओळख पटत नाही हे पहिल्या पाच मिनिटांतच स्पष्ट झालं होतं. उरलेला वेळ आम्ही बोलत होतो. सदर्‍याची कॉलर आधी आतून दाबायची, मग बाहेरून, असं त्यांनी मला सांगितलं. माझी कॉलर बघून त्यांनी विचारलं, "घरात कुणी नाही वाटतं?" मी नाही म्हणालो. या बोलण्याचा गुन्ह्याशी संबंध नाही.

बारा दहाला मी दार उघडून मास्तरांना सांगितलं, "ओळख पटत नाही." इसम धावत आत आला आणि कागद उचलू लागला. मास्तरांनी नोंदवही कागदांवर ठेवली आणि वर दोन्ही हात ठेवले. इसम बाईंना म्हणाला, "म्हातारे, एवढंसुद्धा जमलं नाही तुला?" आणि जिना उतरून गेला. बाई खिडकीशी जाऊन तो रस्ता ओलांडेपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला रस्ता माहीत नाही. त्यानेच आणलं होतं." मास्तरांनी ठाण्यात फोन केला.

खऱ्या काकू हयात असून अंथरुणाला खिळलेल्या आहेत, हे मला इथे आल्यावर हवालदारांकडून समजलं. हवालदार पत्त्यावर गेले तेव्हा काकूंनी आतून विचारलं होतं, "कोण, पुतण्या आला का?" त्याला येऊन पाच महिने झाले असं त्या म्हणाल्या. तो लाँड्रीत मात्र दर रविवारी जात होता.

बाईंना घेऊन जायला कुणी येणार आहे का, असं अंमलदारांनी विचारलं. कुणी नाही. त्यांचा जबाब होईपर्यंत मी इथे थांबणार आहे आणि त्यांना खोलीवर सोडणार आहे. नातं काय लिहायचं असं विचारल्यावरून सांगतो की, काही नाही.

आणखी एक गोष्ट मी लपवू शकत नाही, जरी ती बाईंच्या विरुद्ध जाणारी असली तरी. शेवटचे पंधरा दिवस इसम रोज संध्याकाळी येऊन त्यांच्याकडून नाव, जन्मतारीख आणि पत्ता घोकून घेत होता, सही गिरवून घेत होता. चूक झाली की दुसऱ्या दिवशी परत येत होता. बाई मला म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशीच पाठ झालं होतं मला सगळं. मी मुद्दाम चुकायचे."

हे त्याला कळू देऊ नका, अशी त्यांनी मला विनंती केली आहे. आरोपीला जबाबाची नक्कल द्यावी लागते, आणि तिच्यातून एखादा परिच्छेद असा गाळता येत नाही, हे वकील म्हणून मला माहीत आहे. तरी ती विनंती मी इथे नोंदवतो.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो उतरला आहे, त्यात जास्त-कमी काही नाही. शेवटचे दोन परिच्छेद माझ्या सांगण्यावरून त्यांनी हळू आवाजात वाचले, कारण इसमास पकडून आणून पलीकडच्या खोलीत बसवलं आहे.