बॉनेटवरच्या कुंकवाच्या रेघा

तुम्ही मला तोंडाळ म्हणता ना, मग माझी ही फजितीही ऐका.

आमच्या जुन्या अँबेसेडरच्या बिजागऱ्या झिजल्या होत्या, त्यामुळे बॉनेट एका बाजूने वर राहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून आतेबहिणीला अमरावतीहून अकोल्याला मांडवात न्यायचं होतं. बाबांनी बॉनेट उतरवून भिंतीला टेकवलं आणि दुरुस्त झालेल्या बिजागऱ्या गाडीला बसवायला घेतल्या. दोन्ही हात अडकलेले, नट दातांत धरलेले.

मी पाहते तर बॉनेटच्या आतल्या बाजूला कुंकवाच्या रेघा! माझं डोकंच फिरलं. रॉकेलचा बोळा घेतला आणि पुसायला लागले.

"उं! उं!" बाबा मान हलवू लागले.

"मधे बोलू नका, बाबा! दसऱ्याची पूजा समजू शकते, पण दुरुस्तीले बी पूजा? कुंकवानं नट घट्ट होते का? रिटायर मास्तर ना तुमी!"

बॉनेट लख्ख झालं. बाबांनी नट हातावर काढले आणि म्हणाले, "खडू सापडला नव्हता. बिजागरी नेमकी कुठं बसते, त्याच्या खुणा होत्या त्या."

मग अंधार पडेपर्यंत मी बॉनेट डोक्यावर धरून उभी आणि बाबा सांगतायत, "डावीकडं घे. लई झालं. जरा मागं." विसाव्या खेपेला ते एकदाचं सरळ बसलं.

मान चोळत मी ओरडले, "पुसत होती तवाच थांबवायचं ना मले!"

"तोंडात नट होते न माय," बाबा म्हणाले. "अन् नसते, तरी तू कुठं बोलू देणार होती?"